निखाऱ्याची धुरी आणि सोयाचा चुरा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत सॅलडवर, भाजलेल्या बटाट्यावर लालसर, खारट, धुरकट चवीचे कुरकुरीत तुकडे भुरभुरतात. बेकन बिट्स म्हणतात त्यांना. बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेलं, धुरावर धरलेलं डुकराचं मांस. पण गंमत अशी, की जनरल मिल्स कंपनीने १९६०च्या दशकात बाजारात आणलेल्या ‘बॅक-ओज’मध्ये मांस नव्हतंच, होतं सोयाचं पीठ! काही बाटल्यांत मात्र खरं मांस असतं, म्हणून तिकडच्या शाकाहारी मंडळींनी वेष्टन वाचूनच घ्यावं. आपण आज हे घरीच करू.

लातूर-अकोल्याकडच्या सोयाबीनमधून तेल काढलं की पेंड उरते. तिचं पीठ उष्णतेने आणि दाबाने फुलवून सोया ग्रॅन्युल्स करतात. किराणा दुकानात सहज मिळतात. एक वाटी घ्या. एरवी आपण ते भरपूर पाण्यात भिजवून घट्ट पिळतो. इथे पिळायचं नाही, कारण चव त्या पाण्यातच आहे. म्हणून पाणी मोजून, पाऊण वाटी गरम. त्यात दोन चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ, अर्धा चमचा काश्मिरी मिरचीपूड, ठेचलेला लसूण, मिरपूड. मीठ नको, सॉस खारट असतो. दहा मिनिटांत ग्रॅन्युल्स सगळं पाणी पिऊन टाकतात.

आता जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल आणि मंद आच. इथे घाई करणाऱ्याचं काम नाही. गूळ आहे, आच वाढवली की करपून कडू होणार. पंधरा-वीस मिनिटं परतत राहा. आधी लगदा वाटेल, मग दाणे सुटे होतील, आणि शेवटी उलथन्याखाली खळखळ वाजू लागतील. मग गॅस बंद.

धुरी सर्वात शेवटी, कारण धुराचा वास उडून जाणारा. आधी दिलात तर परतताना निम्मा स्वयंपाकघरभर पसरतो. लाकूड जळताना जी वासाची द्रव्यं सुटतात, ती तेलात चांगली मुरतात, आणि आपले दाणे तेलाने माखलेले आहेतच. मध्ये छोटी वाटी, वाटीत लाकडी कोळशाचा लाल निखारा, त्यावर तेलाचे चार थेंब, वर झाकण. तूप म्हणाल, तर छानच लागतं, पण मग पदार्थ निव्वळ वनस्पतीजन्य राहत नाही. तीन-चार मिनिटं पुरेत. जास्त ठेवलं तर घशाशी येतं. खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कोळसा पेटवणं धोक्याचं.

माझी स्वतःची आवड विचाराल तर सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. तेच मसाले, पण पाणी जेमतेम कापांना लागेल एवढंच. खोबऱ्यात अंगचं तेल असतं, त्यामुळे धूर असा काही धरतं, की सोया त्यापुढे फिकं वाटावं. फक्त लवकर करपतं, आणि फार दिवस ठेवलं तर खवट होतं.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसाळ्यात सादळले तर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परतून घ्या. पिठल्यावर, मुगाच्या खिचडीवर, दडप्या पोह्यांवर आयत्या वेळी घाला. आणि घरात कोणाला गहू वर्ज्य असेल, तर लक्षात ठेवा, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. त्यांच्यासाठी मीठ आणि थोडा चिंचेचा कोळ वापरा.