पौषात घर बघायला निघालात तर

नमस्कार मंडळी. ‘थंडीच्या दिवसांतले घरांचे व्यवहार’ असा विषय मला दिला आहे. मी तो जरा आवळून घेते. पुण्यातले जुने, पुन्हा विकायला निघालेले फ्लॅट आणि पौष महिना, म्हणजे ढोबळमानानं डिसेंबरची अखेर आणि जानेवारी, एवढ्यावरच बोलते. नव्या प्रकल्पांच्या जाहिराती तुम्ही रोज सकाळी पेपरात बघताच.

पौषात आपल्याकडे लग्न नाही, वास्तुशांत नाही. गुजराती मंडळींचे कमुरते, म्हणजे शुभकार्य टाळायचे दिवस, याच सुमाराला, उत्तरेकडच्यांचा खरमासही याच सुमाराला. दसऱ्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला ज्यांना इसार द्यायचा होता ते देऊन मोकळे झालेले असतात. उरलेलं गिऱ्हाईक गुढीपाडव्याची वाट बघतं. या मधल्या पोकळीत बाजारात कोण उरतं? ज्याला विकायचंच आहे तो. बदली झालेला, वडिलांमागे भावंडांत वाटणी करायची असलेला, किंवा दुसरं घर घेऊन बसलेला आणि दोन दोन हप्ते भरणारा. भावाची जी घासाघीस पौषात होते ती अश्विनात होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की घेणाऱ्यानं पौषात बाहेर पडावं. मुहूर्त पाळायचा असेल तर तो राहायला जाण्यासाठी पाळा. साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, पौषात, ताबा रथसप्तमीनंतर, वास्तुशांत गुढीपाडव्याच्या आगेमागे. घरातल्या ज्येष्ठांनाही यात खोट काढता येत नाही, आणि ते प्रयत्न करतातच.

विकणाऱ्याला घाई नसेल तर त्यानं माघ उजाडू द्यावा. पण घर दाखवायला मात्र त्याच्यासाठी हेच दिवस उत्तम असतात. भिंती कोरड्या, दिवाळीचा रंग ताजा, हवा गार, धरणं भरलेली, नळाला पाणी. लग्नासाठी दाखवायला बसलेल्या मुलासारखं घर अगदी शहाण्यासारखं वागतं. घेणाऱ्यानं सावध व्हायचं ते इथे.

पहिली गोष्ट, पाणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी भिंत पाझरते, ती जानेवारीत तोंड उघडत नाही. पण खुणा ठेवते. हॉलच्या भिंती बघत बसू नका, तिथे रंगाचा हात फिरलेला असतो. भिंतीतल्या कपाटांची दारं उघडा आणि आतली मागची बाजू बघा. कपाटाच्या आत रंग द्यायला सहसा कोणी जात नाही. खिडकीच्या खालचे कोपरे, बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा तळ, वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमखालचं छत, या जागा बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर ते क्षार असतात. भिंतीतून पाणी बाहेर येऊन वाळतं आणि क्षार मागे राहतात. एकाच भिंतीला नवा रंग आणि बाकीच्या जुन्या, असं दिसलं तर कारण विचारा. खाली पार्किंगमध्ये खांबांवर पाण्याची रेघ आहे का ते बघा. आणि सगळ्यात भरवशाची माहिती वॉचमनकडे असते. ‘पावसात इथे पाणी तुंबतं का’ एवढंच त्याला विचारा, एजंट बरोबर नसताना.

दुसरी गोष्ट ऊन. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा रेंगाळते. २२ डिसेंबरच्या सुमाराला पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, आणि तो दक्षिणेकडे असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. आजी खुर्ची टाकून बसलेली असते, चहा येतो, घर आवडतं. तेच घर मे महिन्यात बघा. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावर असतो आणि नंतर उत्तरेकडे सरकतो. दक्षिणेची खिडकी तेव्हा सावलीत असते; तापतो तो वरचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरचा किंवा पश्चिमेला झोपायची खोली असलेला फ्लॅट जानेवारीत बघून खूश होऊ नका. गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का, तो कधी घातला, हे विचारा.

उलट एका बाबतीत थंडीच खरं बोलते. दक्षिणेला शेजारी उंच इमारत असेल तर तिची सावली वर्षात सर्वांत लांब याच दिवसांत पडते. भर दुपारी जवळजवळ तिच्या उंचीएवढी. डिसेंबरमध्ये तुमच्या खोलीत ऊन येत असेल तर बाकीच्या वर्षात त्या इमारतीची दुपारी काळजी नको. आज दक्षिणेला बैठं घर असेल तर मात्र ते पुनर्विकासाला निघालंय का, याची चौकशी करा.

तिसरी गोष्ट टँकर. जानेवारीत टँकर दिसणार नाही. सोसायटीकडे मागच्या एप्रिल आणि मेचा हिशेब मागा. मासिक देखभाल खर्च कमी सांगतात आणि टँकरची वर्गणी वेगळी काढतात, असं होतं.

आता कागद. पूर्वी आपल्याकडे रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं ते जागेचे दर १ जानेवारीला बदलत, म्हणून डिसेंबरअखेर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसे. आता ते वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आणि गर्दी मार्चकडे सरकली आहे. पौषात हाही एक फायदा, निवांतपणे नोंदणी होते. पण यात एक गोष्ट समजून घ्या. दस्तावर सही झाली की नोंदणीसाठी कायदा चार महिने देतो. २०२० मध्ये हे अनेकांच्या कामी आलं. सरकारनं मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्के आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सवलत दिली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रांगा लागल्या. पण ज्यांनी ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून सह्या केल्या होत्या त्यांना नोंदणी नंतर करता आली. चार महिने उलटले तर आणखी चार महिने मिळतात, मात्र दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. त्या वाटेला जाऊ नये.

शेवटचा मुद्दा परदेशातल्या मुलांचा. इथे बसलेल्यांपैकी अनेकांना तोच हवा असणार. नाताळच्या सुट्टीत मुलगा न्यू जर्सीहून येतो, तीन आठवडे असतो, आणि ‘आलोच आहे तर फ्लॅट विकून टाकू’ असं ठरतं. विकणारा इथला रहिवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का कर कापून सरकारजमा करतो. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. आणि आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर बहुतेक सल्लागार पूर्ण किमतीवर कपात करायला सांगतात. मग लाखो रुपये परतावा येईपर्यंत अडकतात. ते प्रमाणपत्र यायला आठवडे लागतात. म्हणजे जानेवारीत विकायचं असेल तर अर्ज दिवाळीच्या फराळाबरोबर गेला पाहिजे. घेणाऱ्यांनाही सांगते, विकणारा निवासी आहे की अनिवासी हे इसारपावतीच्या आधी लेखी घ्या. कपात कमी झाली तर आयकर खातं तुमच्या दारात येतं, त्याच्या नाही.

मुलगा येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद, चालतं. ते इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. टपालानं आलेला कागद कपाटात ठेवून देतात आणि खरेदीखताच्या दिवशी बाहेर काढतात, तेव्हा पंचाईत होते. आणि सगळी भावंडं एकाच दिवशी कार्यालयात हजर पाहिजेत असं नाही. एकानं जानेवारीत सही केली, बहिणीनं फेब्रुवारीत, तरी चालतं. तिच्या सहीपासून तिचे चार महिने मोजले जातात.

एवढं बोलून थांबते. ज्यांनी कागद बरोबर आणलेत त्यांनी पुढे यावं, फक्त मूळ प्रती कोणाच्या हातात देऊ नका, माझ्याही.