नागोयाचा माग, नागोयाची मोटार

लाल विटांची ही जुनी इमारत जपानमधल्या नागोया शहरातली. टोयोटाचं संग्रहालय. आत शिरताच समोर दिसतो तो मात्र एक भलामोठा गोल माग, साकिची टोयोडा यांनी १९०६ मध्ये शोधलेला. सुताराचा हा मुलगा जन्मभर मागाच्या मागे लागला. १९११ मध्ये याच जागेवर त्यांनी आपले माग पारखण्यासाठी कारखाना काढला.

पहिलं दालन कापसाचं. जपानी गिरण्यांचा कितीतरी कापूस तेव्हा मुंबई बंदरातून जाई. १८९३ मध्ये त्यासाठी मुंबई-जपान जहाजसेवा सुरू झाली, तिच्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता.

आता यंत्रमाग सुरू होतोय. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मंडळींना हा खडखडाट परका वाटणार नाही. हा १९२४ चा ‘जी’ माग. आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपत आलं की चालत्या मागातच नवा धोटा आपोआप बसतो. पण खरी करामत ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत आहे. नीट बघा: ताण्याच्या धाग्यांवर धातूच्या पातळ पट्ट्या लटकताहेत. धागा तुटला की त्याच्यावरची पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. सदोष कापड पुढे विणलंच जात नाही. प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून उभं राहण्याची गरज संपली. एकच कामगार तीसेक माग सांभाळू लागला. या अख्ख्या संग्रहालयात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती विचाराल, तर मी या पट्टीकडे बोट दाखवेन. टोयोटाच्या मोटार कारखान्यात कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो, आणि दोष वेळेत दूर झाला नाही तर सगळी लाइन थांबते. ती रीत इथून आली.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. यंत्रमागाच्या माहेरघराने जपानी माग विकत घ्यावा, ही केवढी गोष्ट!

पुढचं दालन साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांचं. १९३३ मध्ये मागाच्या कंपनीतच त्यांनी मोटार विभाग उघडला. शेव्हरोलेचं इंजिन सुटं करून अभ्यासलं. सगळ्यात छळलं ते ओतकामाने. इंजिनच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळण्यासाठी पोकळ वाटा ठेवायच्या, तर साच्यात वाळूचे नाजूक गाभे बसवावे लागतात. ते बिघडले की ब्लॉक भंगारात. असे ढीगभर ब्लॉक वाया गेले, तेव्हा कुठे १९३४ मध्ये पहिलं इंजिन उभं राहिलं. १९३६ च्या ‘एए’ मोटारीचे पत्रे हातोड्याने ठोकून कसे घडवत, तेही इथे मांडलंय.

१९५० मध्ये कंपनी डबघाईला आली, कामगारांचा संप झाला, आणि किइचिरोंनी अध्यक्षपद सोडलं. १९५२ मध्ये ते गेले. ही समोरची ‘टोयोपेट क्राउन’ रस्त्यावर आली १९५५ मध्ये.