लोकेशन : शून्य रुपये

(दृश्य : पहाट. लालबागमधली तीन मजली जुनी चाळ. लाकडी कठड्याची गॅलरी, दारादारांत निळे ड्रम. नळांचा आणि मोटारीचा आवाज.)

साडेपाच वाजलेत. पाणी आलंय. एकेका मजल्यावर ड्रम, हंडे, कळशा भरतायत आणि खालच्या मोटारीचा घुंऽऽ असा सूर सगळ्यांच्या वर लागलाय. हा आवाज चालू असेपर्यंत आमचा कॅमेरा बॅगेतून बाहेर येत नाही. चौदा महिने, दर रविवारी, आमच्या कॉलशीटवर, म्हणजे कुणी कधी यायचं त्या शूटिंगच्या तक्त्यावर, वेळेच्या रकान्यात आकडा नसायचा. लिहिलेलं असायचं : पाणी गेल्यावर.

सोमवार ते शनिवार मी गोरेगावला एका मालिकेच्या एडिटला बसते. त्यातलं कुटुंब मढच्या बंगल्यात राहतं. सुनेला जिना उतरायला अर्धा मिनिट लागतो आणि तो अर्धा मिनिट मी तीन कोनांतून आणखी लांबवते. आमच्या चाळीचा जिना असा आहे, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

त्या जिन्यावर आम्ही सहा जणांनी आमची स्वतःची मालिका केली. यूट्यूबवर, सात भाग. चाळ खाली करायच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट, सकाळी पाणी येण्यापासून रात्री दिवे जाईपर्यंत. आमची चाळ अजून खाली झालेली नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मात्र मी शाळेत होते तेव्हापासून चालल्यायत, त्यामुळे गोष्ट रचायला फार लांब जावं लागलं नाही.

(दृश्य : वहीचं पान. आकडे. बोट शेवटच्या ओळीवर थांबतं.)

हे आमचं बजेट. लेन्सचं भाडं, दोन लेपल (कपड्याला अडकवायचे) माइक, हार्ड डिस्क, जेवण. शेवटची ओळ बघा. लोकेशन : ०. त्या शून्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

मुंबईत कॅमेरा घेऊन फिरलेल्या माणसाला त्या दोन रेघा कळतील. रस्त्यावर ट्रायपॉड उघडायचा तर पोलीस आणि पालिका. रेल्वेच्या हद्दीत शिरायचं तर रेल्वेची वेगळी परवानगी, वेगळे पैसे. ड्रोनचं नाव काढायचं नाही, त्याच्यावर पोलिसांचे बंदीहुकूम वरचेवर निघत असतात. आमच्या गोष्टीत लोकलमधला एक सीन होता. तो आम्ही फोनवर नेला. नवरा गाडीत, बायको गॅलरीत, आणि गाडी फक्त ऐकू येते. पैसे नव्हते म्हणून सुचलेला तो सीन सातही भागांत सगळ्यांत बरा जमलाय, हे मला मान्य करावं लागतं.

चाळीत मात्र परवानगी कुणाची घ्यायची? माझा जन्मच इथला. दार वाजवायचं, "काकू, जरा आत येऊ का," एवढं पुरे.

(दृश्य : दहा बाय बाराची खोली. दोघं जण कपाट उचलून गॅलरीत नेतायत. वर पोटमाळ्यावर आडवी झालेली कॅमेरावाली.)

एवढ्याशा खोलीत दोन नट, कॅमेरा, बूम (लांब काठीवरचा माइक) धरणारा आणि पंखा. पंखा बंद, कारण माइक. कपाट गॅलरीत, कारण सजेशन शॉटला, म्हणजे एकाच्या खांद्यामागून दुसरा दाखवायला, मागे सरकायला जागा नाही. मोरीत मी, हातात मॉनिटर. आमची कॅमेरावाली वैतागून पोटमाळ्यावर चढली आणि तिथून खाली लेन्स रोखली. ती वरून दिसणारी खोली, माणसांचे नुसते भांग आणि टकलं, ही पुढे मालिकेची खूण झाली. लोक विचारतात, हा विचार कसा केलात? अहो, खाली पाय ठेवायला जागा नव्हती.

ट्यूबलाइटनं पहिला अख्खा रविवार खाल्ला. फोन आणि कॅमेरे बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि १/६० च्या शटरवर असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबखाली असं शूट केलं की चित्रावर काळसर पट्टे सरकत राहतात. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर काकूंच्या तोंडावरून पट्टे चाललेत. मग २५ फ्रेम आणि १/५० चं शटर, ते शेवटपर्यंत. स्किमर, म्हणजे उजेड मऊ करायचा पडदा, म्हणून आईची पांढरी चादर, तीही शेवटपर्यंत.

आणि मसाला. एप्रिल-मे म्हणजे लालबागच्या मसाला गल्लीचा सीझन. अख्ख्या मुंबईतल्या बायका वर्षाची मिरची घेऊन येतात, ती भाजायची, डंकावर कुटून न्यायची. डंकाची धडधड एडिटमध्ये थोडीफार दाबता येते. पण वाऱ्यानं ब्याडगी आणि संकेश्वरी गॅलरीत आली की रडायच्या सीनला सगळे शिंकतात. एका टेकला बूमवाला शिंकला आणि माइक नटीच्या डोक्यात. तो टेक आम्ही जपून ठेवलाय, दाखवणार नाही.

(दृश्य : साठी उलटलेले एक काका छातीवरचा माइक चाचपतायत. कॅमेऱ्याकडे बघून : "बोलू?")

हे आमचे हीरो. दुसऱ्या मजल्यावरचे काका. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. त्याआधी काका कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत गिरणीच्या संघातून काम करायचे. संपानंतर गिरणी गेली, तर संघ कुठून राहणार? स्टेशनबाहेर रुमाल विकले, नंतर वॉचमनची नोकरी धरली. नाटकाचं नाव त्यांनी घरात पुन्हा काढलं नाही.

आमच्या कॅमेऱ्यासमोर ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला आवाजाच्या मीटरचा काटा लाल. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची सवय, वर परळच्या दामोदर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तालीम. छातीवर लावलेला लेपल बिचारा काय करणार? मी म्हटलं, "काका, थोडं हळू बोला, माइक सगळं ऐकतो." काका म्हणाले, "माइक ऐकेल गं, पण मागचे?" मागे कुणी नव्हतं. माझ्या एका मित्राला तो आवाज नाटकी वाटला. मी हट्टानं ठेवला, फक्त माइक बाजूला सारून बूम लांब धरला. गिरणगावातला म्हातारा कुजबुजत बोलतो, असं दाखवायला मला जमलं नसतं.

(दृश्य : स्वयंपाकाचा ओटा. मोठं पातेलं. आईची पाठ.)

बजेटमधल्या 'जेवण' ह्या ओळीत तांदूळ, डाळ, कांदे, गॅस एवढंच धरलंय. नऊ-दहा माणसांचं रांधायला माझी आई पहाटे चारला उठायची, ते कुठल्या रकान्यात घालायचं मला कळलं नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं काम काढलं तेव्हा सगळ्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या. त्यांचे दागिनेही त्याच कामात गेले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. आईला मी हे कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "दागिने नाहीत माझ्याकडे, कोथिंबीर निवड."

शून्य तिथूनच थोडं थोडं फुटायला लागलं. कपाट गॅलरीत नेताना आरसा तडकला, तो भरून दिला. एका आत्याच्या मुलाची हळद फुकट शूट केली. मंडळाच्या पाटपूजनाचा व्हिडिओ करून दिला. भाद्रपदाचा तर अख्खा महिना गेला. गणपतीत लालबागमध्ये कॅमेरा घेऊन सरळ रेषेत चार पावलं टाकता येत नाहीत. शिवाय आमचे दोन नट मंडळाचे कार्यकर्ते, ते सीनला येणार कसे?

मग चौथा भाग.

(दृश्य : गॅलरी, दुपार. वाळत घातलेली साडी. काही क्षण काहीच घडत नाही.)

गोष्टीत दोन भाऊ आहेत. खोली पागडीची, भाडेपावती थोरल्याच्या नावावर, राहतात दोघंही. नवी जागा कुणाला? धाकट्याची बायको दुपारी घरात कुणी नसताना देवाच्या तसबिरीमागे दडवलेली जुनी पावती काढते, तिच्यावरून बोट फिरवते, परत ठेवते. संवाद एकही नाही. सहा मिनिटांचा सीन, एका टेकमध्ये. कॅमेरावालीनं कट म्हटल्यावर खोलीत कुणी हाललं नाही. एवढं चांगलं आम्ही आधी काही केलं नव्हतं.

रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, चाळीतच दाखवला, अंगणात चादर बांधून. चौथा भाग चालू असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठून गेल्या. मला वाटलं, कुकर लावायचा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात. हातात आमचाच डबा, त्यात शेवग्याची भाजी. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, पावती देवामागे ठेवलीय हे मी फक्त तुझ्या आईला सांगितलं होतं."

मी लहानपणी जमिनीवर अभ्यास करत बसलेली असायचे आणि त्या दोघी ओट्यापाशी बोलत असायच्या. ते सगळं माझ्या डोक्यात इतकं मुरलं होतं, की लिहिताना ते मला सुचलंय असंच वाटलं. काकूंच्या जाऊबाई समोरच्याच खोलीत राहतात. त्याही चादरीसमोर बसल्या होत्या.

काढ, असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत. भाजी कशी झालीय ते सांग, म्हणाल्या, आणि गेल्या.

मी सीन काढला. कॅमेरावाली दोन रविवार माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. सतरा मिनिटांचा भाग अकरा मिनिटांचा झाला. बघणारे विचारतात, हा इतका पटकन का संपतो? त्याची फाइल हार्ड डिस्कवर आहे. आमच्या कॅमेऱ्याचं तासाभराचं फूटेज साधारण ४५ जीबी होतं, म्हणजे सहा मिनिटांचं साडेचार. शून्य रुपयांच्या लोकेशनचं भाडं मी इथं भरलं.

(दृश्य : चाळीमागे उभा राहत असलेला टॉवर. क्रेन.)

बाकीच्या चुका त्यामानाने किरकोळ. आमची गोष्ट एका दिवसाची, शूटिंग चौदा महिन्यांचं, आणि मागचा टॉवर काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. पहिल्या भागात त्याचे एकोणीस मजले आहेत, सातव्यात सव्वीस. सकाळपासून रात्रीपर्यंत सात मजले! लालबाग-परळमध्ये राहणाऱ्याला त्यात चूक दिसेलच असं नाही.

गाण्याचंही असंच. मंडळाच्या स्पीकरवरचं सिनेमाचं गाणं मागे वाजत राहिलं आणि अपलोड करताच हक्कांचा दावा आला. तुकोबांच्या अभंगावर कुणाचा हक्क नाही, पण कुणी गायलेल्या रेकॉर्डवर असतो, आपल्या कायद्यात ६० वर्षं. मग आमच्याच भजनी मंडळाला बसवून रेकॉर्डिंग केलं. टाळ चार जण वाजवत होते आणि चौघांचा ठेका चार गावचा.

पैशांचं विचारता? जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी बघितलेले लागतात. बारा मिनिटांचा भाग कुणी शेवटपर्यंत बघेल असं धरलं, तरी वीस हजार वेळा. आम्ही तिथवर पोचलो, पहिली रक्कम आली, तिची नवी हार्ड डिस्क घेतली.

(दृश्य : पावतीपुस्तक. काका चष्मा लावून लिहितायत.)

आता दुसरा सीझन. मधल्या काळात चाळीची कमिटी नव्यानं निवडली गेली. शूटिंगसाठी अर्ज केला, त्यावर पत्र आलं : दर रविवारी ५०० रुपये, जिन्याच्या दुरुस्तीसाठी. खाली सेक्रेटरींची सही. सेक्रेटरी म्हणजे आमचे हीरो.

मी भांडायला गेले. "काका, सीन तुमचेच आहेत."

"म्हणूनच पावती घे," काका म्हणाले. "उद्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर?"

मी पाचशे दिले. त्यांनी सावकाश पावती फाडली, कार्बनची प्रत नीट दाबून बसवली, आणि म्हणाले, "आणि ह्या वेळी तो माइक छातीला लावू नका. घाम येतो."