हे पुस्तक कुणाकडे आहे का?

(तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. परवा रात्री पावणेबाराला आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मेसेज आला. "लहानपणी आजोळी एक पुस्तक वाचलं होतं. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पहिली पानं फाटलेली होती. एक मुलगी आजारी भावासाठी रोज नदीपलीकडून दूध आणते आणि एके दिवशी नदीला पूर येतो. कुणाला ओळखू येतंय का? हे पुस्तक कुणाकडे आहे का?" लिहिणारी बाई रुग्णालयात परिचारिका आहे, त्या रात्री तिची रात्रपाळी होती.

दहा मिनिटांत एका निवृत्त गुरुजींचं उत्तर आलं, "गोष्ट ओळखीची वाटते, सकाळी माळा बघतो." दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, चित्रं होती का, टाइप मोठा होता का, कुठल्या सालच्या सुट्टीत वाचलं होतं? म्हणजे पुस्तक साधारण कोणत्या काळातलं ते ठरवता येईल. तिसऱ्या दिवशी बेळगावच्या एका काकांनी फोटो टाकला. त्यांच्या थोरल्या भावाला शाळेत बक्षीस मिळालेली प्रत होती, आत शाळेचा जांभळा शिक्का. त्या बाईंनी उत्तरादाखल आवाजी निरोप पाठवला. त्यात पहिले काही सेकंद फक्त वॉर्डातल्या पंख्याचा आवाज येतो. मग त्या "सापडलं" एवढंच म्हणतात.

आयोजकांनी मला विषय दिला, "ऑनलाइन वाचकांचं जग". त्या जगाबद्दल मला जे सांगायचंय ते या तीन दिवसांत आलंच आहे. वाचणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. असा प्रश्न पडल्यावर उठून माळ्यावर चढणारं कुणी असलं, की त्या माणसांचा समाज होतो. पुढचा तासभर मी या माळ्यावर चढणाऱ्यांबद्दलच बोलणार आहे.

आमचा गट २०१६ साली सुरू झाला. आम्ही अकरा जण, सगळे एकाच वाचनालयाचे सभासद. तेव्हा व्हॉट्सॲपच्या एका गटात जास्तीत जास्त २५६ माणसं घेता यायची. तो आकडा आम्ही तीन वर्षांत गाठला. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. अनेकांनी आग्रह केला की दारं उघडा. आम्ही संख्या वाढवली नाही, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. कारण २५६ माणसांत कोण काय वाचतं हे हळूहळू पाठ होतं. अमक्या काकूंना प्रवासवर्णनं लागतात, तमक्या दादांना ऐतिहासिक कादंबरी दिली की ते तारखा तपासत बसतात, हे ठाऊक असलं म्हणजे पुस्तक योग्य हातात पडतं.

आता माणसं वाचतात कधी? याचं उत्तर मला गटावरच्या मेसेजच्या वेळांनी दिलं. पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री साडेदहानंतर गट जागा असतो. मधला दिवस नोकरीचा, शेताचा, चुलीचा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चार पानं वाचणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. लोकलमध्ये उभ्यानं वाचता येत नाही म्हणून कानात पुस्तक ऐकत जाणारी मुलं आहेत. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर गटात दोन दिवस खडाजंगी झाली होती. माझं मत स्पष्ट आहे. ज्या समाजानं शेकडो वर्षं कीर्तनातून आणि पोथीतून आपलं वाङ्मय कानांनी जपलं, त्यानं ऐकणाऱ्याला कमी लेखू नये.

आमच्यातले एक दादा एसटीत कंडक्टर आहेत. त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा मुक्कामाची गाडी येते. गाडी रात्री शेवटच्या गावी पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. दादांच्या बॅगेत तिकिटाच्या मशीनशेजारी कायम दोन पुस्तकं असतात. देवळाच्या कट्ट्यावर जेवण झालं की बसमधला एक दिवा लावून ते शेवटच्या सीटवर वाचत बसतात. गावातली दोन पोरं आधी नुसती खिडकीतून बघायची. मग आत येऊन बसू लागली. आता दादा त्यांच्यासाठी तिसरं पुस्तक नेतात. डेपोत ड्यूटी लागली की ते आधी गटावर विचारतात, "अमुक गावी मुक्काम आहे, सातवीच्या मुलीला आवडेल असं काही कुणाकडे आहे का?"

दहाजण एकत्र बसून वाचायची आपली चाल जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. चातुर्मासात घरोघर पोथी लागायची. एकजण वाचणार आणि आळी ऐकणार. मधेच कुणी "थांबा, ही ओवी परत घ्या" म्हणणार. २०२० च्या टाळेबंदीत वाचनालयांना कुलूप लागलं, तेव्हा आम्हाला हीच पोथी आठवली. एक पुस्तक ठरवायचं. रोज एकानं दहा पानं स्वतःच्या आवाजात वाचून रात्री साडेनऊला गटावर टाकायची. नियम दोनच. पुढं काय होतं ते सांगायचं नाही आणि वाचणाऱ्याचे उच्चार सुधारायचे नाहीत.

दुसरा नियम सहज सुचला म्हणून केला होता. पण त्यानंच आमचा गट बदलला. नागपूरची मुलगी तिच्या हेलात वाचू लागली, पणजीच्या काकू त्यांच्या. इंदूरच्या एका आजींची मराठी ऐकताना मला माझ्या पणजीची आठवण झाली. ज्यांनी गटावर कधी एक ओळ लिहिली नव्हती त्यांचे आवाज आम्हाला कळले. एकदा कादंबरीत वाक्य आलं की म्हातारा खळ्यात बसला होता. सोलापूरकडच्या एका शेतकरी दादांनी विचारलं, "पावसाळ्यात खळ्यात काय करतोय हा? मळणी तर केव्हाच झाली." देशावर खळं म्हणजे मळणीची जागा. त्यावर कुडाळच्या ताई म्हणाल्या, "आमचं खळं म्हणजे घरापुढचं अंगण हो!" आणि त्यांनी सारवलेल्या खळ्याचा, तुळशीसकट, फोटो टाकला. मग दादांनीही आपलं खळं दाखवलं. मधोमध रोवलेली तिवडा नावाची मेढ, तिच्याभोवती बैल फिरायचे, हे त्यांनी बोटानं हवेत गोल काढून व्हिडिओत समजावलं. रात्री साडेबारापर्यंत कुणी झोपलं नाही. एका शब्दापायी दोन मुलुख एकमेकांच्या दारात जाऊन आले. एकट्यानं वाचलं असतं तर त्या वाक्यावरून मी पुढं निघून गेले असते.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल बोलते, आणि थोडं कळकळीनं बोलते. "या पुस्तकाची पीडीएफ मिळेल का?" हा प्रश्न इथं बसलेल्या प्रत्येकानं वाचला असेल. काहींनी विचारलाही असेल. आपल्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांसाठी खुली झाली. ती खुशाल पाठवा. पण हयात लेखकाचं नवं पुस्तक कुणीतरी पान पान फोटो काढून फिरवतं, तेव्हा काय होतं? मराठीत बऱ्याच पुस्तकांची पहिली आवृत्ती हजार प्रतींची असते, अनेकदा पाचशेचीच. त्यातल्या शंभर वाचकांनी फुकटची फाइल उतरवली, तर दुसरी आवृत्ती निघत नाही. पुढचं पुस्तक छापायला प्रकाशक कचरतो. आवडत्या लेखकाचा हात आपणच धरून थांबवल्यासारखं होतं हे.

आमच्या गटावर पीडीएफ बंद केली तेव्हा एक तरुण मला वैयक्तिक लिहिता झाला. "ताई, माझ्या गावात पुस्तकांचं दुकान नाही. तालुक्याला आहे तिथं गाइडं मिळतात. वाचनालय दुपारी उघडतं, तेव्हा मी कामावर असतो. मी कुठून वाचू?" त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नुसती बंदी घालून मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. ती माझी चूक होती.

माझी नोकरी हिशेबाची. मी एक वही घातली. प्रत्येकानं आपल्या कपाटातली द्यायला हरकत नसलेली पुस्तकं कळवायची. वहीत रकाने पाच : पुस्तक, मालक, सध्या कुणाकडे, पाठवल्याची तारीख, पोचल्याची तारीख. ही कल्पना काही माझी नव्हे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जाताहेत, त्या पार परदेशातल्या मराठी घरांत पोचल्या. आम्ही तेच लहान प्रमाणावर, टपालानं करतो.

टपालाचं सांगायलाच हवं, कारण आमचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. रजिस्टर्ड बुक पोस्टानं पाच किलो पुस्तकं देशात कुठंही ऐंशी रुपयांच्या आसपास जायची. डिसेंबर २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. त्या महिन्यात वहीत एकही नवी नोंद नाही. एक मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली, ३०० ग्रॅमला वीस रुपये आणि पाच किलोला शंभर, वर कर. वही पुन्हा चालू झाली. सरकारी दरपत्रकातली एक ओळ बदलली की खेड्यातल्या एखाद्याचं वाचन थांबतं किंवा सुरू होतं, हे मी माझ्या अक्षरातल्या नोंदींत पाहिलंय.

पुस्तक बांधायची एक रीत ठरली आहे. आधी साधा कागद. मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, ते शर्टाच्या खोक्यातून कापायचे. मग प्लॅस्टिक, मग खाकी कागद, आणि सुतळी अधिकच्या चिन्हासारखी. आत एक कोरी चिठ्ठी. ज्यानं वाचलं त्यानं त्यावर गाव आणि तारीख घालायची, वाटलं तर एक ओळ लिहायची. माझं एक पुस्तक चौदा महिन्यांनी परत आलं. चिठ्ठीवर नऊ गावं होती. एकानं लिहिलं होतं, "आईला वाचून दाखवलं. पान ११२ ला ती रडली." ते पान मी कितीदा वाचलं असेल, तिथं रडण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी परत वाचलं. आहे.

याच वहीनं आम्हाला एक कडू धडाही दिला. २०२१ च्या जुलैमध्ये कोकणात पूर आला. एका वाचनालयाची खालची कपाटं पाण्यात गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं, कपाटात घट्ट बसतं आणि ओढून काढायला गेलं तर हातात लगदा येतो. आमच्यातले सहाजण चिखल काढायला गेले होते, त्यांनी हे सांगितलं. आम्ही गटावर आवाहन केलं आणि दहा दिवसांत खोक्यांवर खोकी आली. उघडली तर त्यात जुनी क्रमिक पुस्तकं, कालबाह्य कायद्याची पुस्तकं, एकाच कादंबरीच्या अकरा प्रती, वाळवी लागलेले अंक. लोकांनी मनापासून दिलं होतं, यात शंका नाही. पण तिथल्या ग्रंथपाल बाईंवर चिखलाबरोबर हेही उपसायची वेळ आली. मग आम्ही तेव्हा केलं जे आधी करायला हवं होतं. त्यांना फोन करून विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी सांगितलं, बालविभाग आणि लोखंडी रॅक. लाकडी कपाट पुरात टिकत नाही. वर्गणी काढून रॅक घेतले. मुलांची पुस्तकं नवी विकत घेतली, यादी त्यांनी दिली तीच.

वर्षाला किती पुस्तकं वाचली ते मोजायची पद्धत आता सगळीकडे आहे. डिसेंबर आला की आकडे पडू लागतात, पन्नास, सत्तर, शंभर. ज्यांना त्यानं हुरूप येतो त्यांनी जरूर मोजावं. पण आमच्यातल्या एका काकूंनी २०२३ मध्ये एकच पुस्तक वाचलं. सासूबाई अंथरुणाला होत्या. काकू रात्री औषध देण्यासाठी दोनला उठायच्या, तेव्हा झोप येईपर्यंत दीड-दोन पानं. त्यांनी वर्षाखेरीस त्या पुस्तकावर जे लिहिलं, तसं शंभर वाचणाऱ्या कुणाला लिहिता आलं नाही. त्यांना त्यातल्या घराची दारंसुद्धा पाठ होती. त्यानंतर आम्ही गटावर आकडे टाकायचं थांबवलं. त्याऐवजी एकतीस डिसेंबरला प्रत्येकानं वर्षभरातला एकच परिच्छेद वाचून पाठवायचा.

माझी वेळ होत आली. प्रश्न आहेत ते चहाच्या वेळी घेऊ. आजचं सहवाचन पान ४१ पासून पुढं आहे आणि आज पाळी कंडक्टर दादांची आहे. मुक्कामाच्या गावी रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर येते, म्हणून त्यांनी साडेनऊऐवजी दहाची वेळ मागून घेतली आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव लिहा. पुस्तकाच्या तीनच प्रती आणल्यात, तेव्हा एका वाड्यातल्या दोघांनी एक घ्या. मुलांनो, तुम्ही मागच्या दाराजवळ थांबा. तुमच्यासाठी वेगळी पेटी आहे, ती उघडायला मला दोन माणसं लागतील.