वीतभर पट्टी

बाळाच्या चोखणीची ही क्लिप वर धरून बोलते, म्हणजे मागे बसलेल्यांनाही दिसेल. सिलिकॉनचे नऊ मणी, एका टोकाला झबल्याला लावायचा चिमटा, दुसऱ्या टोकाला चोखणी अडकवायची दोऱ्याची कडी. मी केलेली ही पहिली क्लिप, माझ्या भाच्यासाठी. तो सात महिन्यांचा होता. अंघोळीआधी बहिणीनं त्याचं झबलं काढलं, तर मानेच्या वळीत एक मणी. दोरा कधी तुटला, कुणालाच कळलं नव्हतं. सात मणी पांघरुणात सापडले. नववा सापडेपर्यंत आम्ही दोघींनी गादी उलटीपालटी केली, बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तो मणी पाळण्याच्या कडेला, चादरीच्या दुमडीत होता. तेच मणी आज पुन्हा ओवून आणलेत.

त्यानंतर मी या वस्तूंची मानकं वाचायला बसले. पहिल्यांदा ती कोरडी वाटतात: मिलिमीटर, न्यूटन, सेकंद. पण प्रत्येक आकड्यापाशी थांबून ‘हाच का?’ असं विचारत गेले, तेव्हा दिसलं की ही मापं बाळाच्या अंगावरून घेतलेली आहेत. हा मानेचा घेर, हा घसा, हा बाळाच्या हाताचा हिसका. म्हणून आज तुम्हाला कलमं वाचून दाखवणार नाही. आकड्यामागचं बाळ दाखवायचं आहे.

लांबीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. चोखणीच्या पट्टीसाठी, म्हणजे अशा क्लिपसाठी, युरोपात वेगळं मानक आहे, ईएन १२५८६. त्यात लांबीची मर्यादा २२० मिलिमीटर, म्हणजे २२ सेंटिमीटर. आपल्या भाषेत, एक वीत. यापेक्षा लांब पट्टी बाळाच्या मानेभोवती फिरून तिचा फास बसू शकतो. हे माप पट्टी टेबलावर नुसती ठेवून घ्यायचं नाही, २५ न्यूटन ताण देऊन घ्यायचं, म्हणजे साधारण अडीच किलो वजन टांगल्यावर. क्रोशाची पट्टी सैल विणीची असेल तर ती इथेच फसते. ठेवल्यावर वीस सेंटिमीटर भरते आणि ओढल्यावर सव्वीस. इलास्टिक घातलेली पट्टी तर विचारूच नका. मी स्वतः चिमटा आणि कडी धरूनच टोकापासून टोकापर्यंत मोजते आणि एकवीसवर थांबते. हाताची वीत मात्र मोजायला वापरू नका, प्रत्येकाची वेगळी भरते. टेप घ्या.

नावाच्या मण्यांचा मोह इथेच आडवा येतो. एका आईनं मला बाळाचं नाव आणि त्यापुढे घरात हाक मारायचं नाव, दोन्ही घालायला सांगितलं. अक्षरांचा मणी १२ मिलिमीटरचा. तेरा अक्षरांचे साडेपंधरा सेंटिमीटर तिथेच गेले. वर मधले मणी, चिमटा, कडी. मी नाही म्हटलं. त्या नाराज झाल्या. मी टेप काढून बावीस सेंटिमीटरचा दोरा कापला, त्यांच्या बाळाच्या मानेजवळ नुसता धरला आणि मग त्याच्या शेजारी त्यांना हव्या असलेल्या लांबीचा दुसरा धरला. पुढे काही बोलावं लागलं नाही. एकच नाव घालून क्लिप केली.

अमेरिकेत १९७८ पासून चोखणीचा नियम आहे. चोखणीला फीत, दोरी, साखळी, असं काहीही जोडून ती विकता येत नाही आणि बाळाच्या गळ्यात बांधू नका, ही सूचना वेष्टनावर छापावीच लागते. चोखणी फितीनं गळ्यात अडकवायची, ती फीत पाळण्याच्या एखाद्या खुंटीत गुंतायची आणि बाळाचा गळा आवळला जायचा. त्या नियमातलं वाक्य अशा मृत्यूंनंतर आलेलं आहे.

आता घसा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी एक नळी वापरतात. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. या वयाच्या मुलाचा घसा पूर्ण फाकल्यावर जेवढा होतो, साधारण तेवढी. वस्तूचा सुटलेला कुठलाही तुकडा न दाबता त्या नळीत पूर्ण मावला, तर ती वस्तू नापास. आता आपले मणी आठवा. बारा मिलिमीटर, पंधरा, फार तर वीस. सगळे मावतात. म्हणजे ‘मी मोठे मणी वापरते’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. आपल्या कामात मणी सुटणं हीच चूक, मग तो केवढाही असो. सगळा भार दोऱ्यावर आणि गाठीवर आहे.

म्हणून गाठीपाशी जरा थांबते. नायलॉनचा दोरा गुळगुळीत असतो. त्यावर मारलेली साधी गाठ आज घट्ट दिसते आणि लाळेनं भिजून, चावून, दहा वेळा धुऊन महिन्याभरात सरकते. काही जणी गाठीवर डिंकाचा थेंब टाकतात आणि निश्चिंत होतात. सिलिकॉनला बहुतेक डिंक धरतच नाहीत. गाठ गाठीनंच टिकली पाहिजे. निरगाठ मारा, ओली करून पुन्हा आवळा, दोऱ्याचं उरलेलं शेपूट किमान दोन मण्यांतून मागे ओवून घ्या. दोरा मात्र बहुतेक वेळा गाठीवर तुटत नाही. तो मण्याच्या भोकाच्या कडेवर झिजतो. माझा तसाच तुटला होता. तेव्हा त्यात असलेल्या लाकडी कड्याचं भोक आतून खरखरीत राहिलं होतं, त्यानं दोरा रोज थोडा थोडा कापला. आता प्रत्येक भोकात आधी सुती धागा मागेपुढे फिरवून पाहते. धाग्याचे तंतू निघाले तर तो मणी बाजूला. मोत्यांच्या माळेसारखी प्रत्येक मण्यामागे गाठ मारली, तर दोरा तुटल्यावर सगळे मणी एकदम सांडत नाहीत. पण एक सांडला तरी बाळाला एकच पुरतो.

आणि मग ओढून पाहा. दीड वर्षाखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी अमेरिकी चाचणीत १० पाउंडांची ओढ असते, सुमारे साडेचार किलो. ती पाच सेकंदांत हळूहळू वाढवायची आणि मग दहा सेकंद धरून ठेवायची. त्याआधी वस्तू साडेचार फुटांवरून दहा वेळा टाकायची असते, पिळायचीही असते. घरी ही प्रयोगशाळा होत नाही, हे मला कळतं. पण सामान तोलायचा हुकाचा काटा कुणाकडेही असतो. मी प्रत्येक नव्या नमुन्याची एक क्लिप दहा दिवस रोज धुऊन, वाळवून मग काट्याला लावते आणि दहा किलोपर्यंत ओढते. ती क्लिप त्यानंतर कुणाला देत नाही.

चिमट्याबद्दल थोडक्यात. त्याच्या तबकडीला आरपार भोकं हवीत, कारण ती तोंडात जाऊन अडकली तर त्यांतून श्वास चालू राहतो. युरोपीय मानकाचा हा आग्रह आहे. दाते धारदार नकोत. रंग आणि धातूत शिसं नको. अमेरिकेत रंगासाठी मर्यादा दहा लाखांत ९० भाग आहे, इतर भागांसाठी १००. हे नुसतं पाहून कुणालाच कळत नाही, त्यासाठी तपासणीच लागते.

इथे एक गैरसमज फार आहे. मणी विकणारा एक कागद दाखवतो, त्यावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असतं आणि आपण आपल्या क्लिपवर ‘सुरक्षित’ असं छापतो. तो कागद सिलिकॉनबद्दल बोलतो. तुमच्या दोऱ्याबद्दल, गाठीबद्दल, लांबीबद्दल त्यात एक अक्षर नाही. मानक तयार वस्तूची परीक्षा घेतं, कारण बाळाच्या हातात तयार वस्तूच जाते.

झोपेची गोष्ट विकताना तोंडानं सांगायची, चिठ्ठीवर सोडायची नाही. झोपताना चोखणी दिल्यानं झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. तीच संघटना हेही सांगते की झोपलेल्या बाळाच्या कपड्याला किंवा गळ्यात ती अडकवलेली नसावी. म्हणजे चोखणी राहू दे, क्लिप काढ. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं दात येतानाच्या माळा-कड्यांविरुद्ध इशारा दिला, त्यात दीड वर्षाच्या एका मुलाचा उल्लेख होता. दुपारच्या झोपेत गळ्यातल्या माळेचा फास बसून तो गेला. दुसरं बाळ सात महिन्यांचं, लाकडी कड्याचे मणी त्याच्या घशात अडकले, तेव्हा आईवडिलांचं लक्ष त्याच्याकडे होतं. लक्ष होतं, तरीही.

एक वही ठेवा. कुठल्या रिळाचा दोरा, कुठल्या पाकिटातले मणी, कोणत्या तारखेला केली, कुणाला दिली. उद्या एका क्लिपचा दोरा तुटला, तर त्याच रिळातल्या बाकीच्या क्लिपा कुठे आहेत, ते तासाभरात सांगता आलं पाहिजे.

त्या टेबलावर टेप आणि दोन काटे ठेवलेत. तुम्ही आणलेल्या क्लिपा बाहेर काढा. आधी ताण देऊन लांबी मोजू, मग एकेक ओढून पाहू. मण्यांसाठी खाली चादर अंथरली आहे. पहिली माझी लावते.