दहांच्या टेबलावर गप्पा होत नाहीत

(बडोद्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पंचवीस-तीस वर्षांनी कॉलेजचे मित्र भेटायचे ठरले की पहिली चर्चा निघते हॉलची आणि जेवणाची. ती तिसऱ्या नंबरची गोष्ट. आधी तारीख, मग यादी.

तारखेचं उत्तर बडोद्यात पंचांगच देतं. साधारण 16 डिसेंबरपासून 14 जानेवारीपर्यंत कमुरता, म्हणजे गुजरातेत शुभकार्याला वर्ज्य मानलेला महिना; लग्नं बंद. एरवी कित्येक महिने आधी अडवलेले पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नाची मोकळी मैदानं, तेव्हा रिकामे असतात, दराचंही बोलता येतं. परदेशातली मंडळी नाताळच्या सुट्टीत नेमकी इकडेच येतात. फक्त 14 आणि 15 जानेवारीच्या वाटेला जाऊ नका. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, बडोदेकर गच्चीवरून खाली उतरत नाही, बोलावणारा कितीही जिवलग असो. तारीख जुलैतच कळवा, म्हणजे विमानाची तिकिटं महाग होण्याआधी निघतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं; त्या सकाळी पुन्हा एक निरोप टाका.

आता यादी. फोनवरच्या ग्रुपात आहेत तेवढेच वर्गात होते, ही नेहमीची चूक. यातून बहुतेक मुली गळतात, कारण आडनाव बदललं, गाव बदललं. म्हणून सुरुवात शेवटच्या वर्षाच्या ग्रुप फोटोपासून करा. एका माणसाकडे दहाच नावं द्या. चाळीस दिलीत की त्यातल्या ओळखीच्या सहांना फोन होतो आणि बाकीची राहतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातला जुना वाडा विकला गेला असला तरी शेजारचा किराणावाला माहेरच्यांचा पत्ता सांगू शकतो. फोन लागला की ‘ओळखलंस का?’ विचारू नका, ती तोंडी परीक्षा होते. आपलं नाव, वर्ष आणि कुठल्या बाकावर बसायचात ते आधी सांगा. जे हयात नाहीत त्यांची नावं घरच्यांकडून आधी पक्की करून घ्या. ती बातमी माइकवरून पहिल्यांदा कोणाच्या कानावर पडता कामा नये. बिल्ल्यावर माहेरचं आडनाव ठळक, सध्याचं खाली, आणि अक्षर बोटाच्या पेराएवढं. चष्मे सगळ्यांना लागलेत.

पैशांचं थोडक्यात: ‘येतो’ म्हणणारे मोजू नका, भरणारे मोजा. केटररला तोच आकडा द्या. ज्याला वर्गणी जड जाईल त्याची खजिनदाराने परस्पर सोय करावी. त्याचा हिशेब ग्रुपवर टाकू नये.

मेळावा खरा बिघडतो तो मांडणीत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये माणसं आपसूक किती जणांच्या घोळक्यात बोलतात हे तपासलं. आकडा निघाला साधारण चार. पाचवा आला की घोळका फुटतो, नाहीतर एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. आपण मात्र पाच फुटी गोल टेबलाभोवती दहा खुर्च्या लावतो. समोरचा तुमच्यापासून पाच फुटांवर, वर ऑर्केस्ट्रा. साठीकडे झुकलेल्या कानाला बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. स, फ, थ ही व्यंजनं गोंगाटात गळून पडतात. साठे म्हणाला की काटे, कळत नाही, आणि दोनदा विचारून माणूस तिसऱ्यांदा नुसतं हसतो. म्हणून चार-चार खुर्च्यांचे गट करा, मधे चहापुरतं छोटं टेबल. थोड्या खुर्च्या भिंतीशी मोकळ्या ठेवा, म्हणजे उठून दुसऱ्या गटात जाता येतं. स्पीकर एका टोकाला, पंचेचाळीस मिनिटांपुरता. सत्कार, शाली, पाहुण्यांचं भाषण यांना माझा साफ विरोध आहे. सेव-उसळीचा मात्र एकच काउंटर ठेवा. रांग लागते, आणि त्या रांगेत चांगल्या गप्पा होतात.

कॉलेज बघायला जायचं असेल तर रविवारी वर्ग बंद असतात हे लक्षात घ्या. बडोदा कॉलेज 1881चं, विद्यापीठ 1949चं. घुमट बाहेरून कधीही दिसतो, पण आपला बाक बघायला किल्ली लागते. लेखी अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि आदल्या दिवशी किल्ली कोणाकडे आहे ते जाऊन विचारून या.

भेटीनंतर काय? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलं की जवळचा मित्र व्हायला सोबतीचे 200हून अधिक तास लागतात. कॉलेजात ते कॅन्टीनमध्ये फुकट मिळाले होते. आता ते नव्याने मोजायचे नाहीत, पण त्यात भर पडत राहायला हवी, आणि पन्नास जणांच्या ग्रुपवर सुप्रभात पाठवून ती पडत नाही. मेळाव्यात जे चार जण एकत्र रमले, त्यांनी निघण्याआधीच पुढच्या फोनचा वार ठरवावा. आणि ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची यादी निघताना प्रत्येकाच्या हातात द्या, छापील. फोनमध्ये पाठवलेली कोणी उघडत नाही.