भिंतीवर तळहात ठेवून बघा

नमस्कार श्रोतेहो.

आज पहाटे तुम्हीही पेटीतली चादर काढली असेल. आपल्या सोलापूरची थंडी बर्फाची नव्हे. दुपारी ऊन चटकतंच. पण पहाटे शहाबादी फरशीवर पाय ठेववत नाही, ओठ उलतात, टाचा फुटतात. आणि टाचा फुटतात त्याच दिवसांत भिंतीही फुटतात. आपली जमीन काळी. पावसात ती पाणी पिऊन फुगते, पाऊस सरला की आकसते, आणि तिच्यावर उभं असलेलं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते आणि थंडीत पुन्हा तोंड उघडते.

आज मी बोलणार आहे ते अशा श्रोत्यांशी, ज्यांच्या मनात या हिवाळ्यात घर विकायचं आहे. कुणी मुलाकडे पुण्याला निघालंय, कुणी पेठेतलं घर काढून जुळे सोलापुरात फ्लॅट घेतंय. दिवाळी झाली की ही बोलणी सुरू होतात. मी बांधकामांवर देखरेख करण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे लोक मला एकच प्रश्न विचारतात, "घर विकायचंय, किती खर्च करू?" माझं उत्तर लक्षात ठेवायला सोपं आहे. आधी पाणी, मग कागद, आणि रंग सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगतो. आधी पाणी, मग कागद, रंग शेवटी. आणि रंग नाहीच दिला तरी फारसं बिघडत नाही.

हे मी शिकलो माझ्या आत्याच्या घरी. २०१८ सालची गोष्ट. बाळीवेशीजवळच्या एका बोळात आत्याचं घर होतं. सासऱ्यांनी बांधलेलं, दीड हात जाडीच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर नंतर चढवलेली एक खोली. मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. आत्यानं ठरवलं, आता विकायचं. पण एक अट घातली. गड्ड्याची जत्रा, म्हणजे संक्रांतीतली सिद्धेश्वराची यात्रा, होईपर्यंत किल्ली द्यायची नाही. कसब्यातून यात्रेच्या मिरवणुकीचे नंदीध्वज निघाले की ती दरवर्षी हात जोडून उभी राहायची, तसं यंदाही राहायचं होतं.

दिवाळी झाल्यावर एजंट आला. घर फिरून म्हणाला, फरशी काढा, चकाचक टाइल्स घाला, वर पीओपीचं छत करा, सगळीकडे प्लास्टिक पेंट मारा. घर हातोहात जाईल.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. शहाबादी फरशी काढून टाइल्स घालणं मला पटत नाही, कधीच पटलं नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा त्या फरशीवर उघड्या अंगानं पडून ज्यानं दुपार काढली आहे, त्याला तिची किंमत विचारा. शेजारच्या खाणीतून येणारा दगड, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेला, आणि तो म्हणे 'जुना' दिसतो! असो. विषय पाण्याचा आहे.

आत्यानं फरशी आणि छत दोन्ही नाकारलं. रंगाला मात्र मी हो म्हणालो. माझ्या सांगण्यावरून अडतीस हजार रुपयांचा रंग लागला. बैठकीच्या खोलीतली पश्चिमेची भिंत मला थोडी गार लागली होती, हे मला आजही आठवतं. पावसाळा नुकता गेलाय, वाळेल, असं म्हणून मी तिच्यावर पुट्टी भरायला लावली. ती माझी चूक होती.

डिसेंबरच्या मध्यावर एक गिऱ्हाईक आलं. निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान. बाई सकाळी सातला आल्या. एजंटनं अकराची वेळ दिली होती. त्या म्हणाल्या, "मला घर पहाटेचं बघायचंय. दुपारी सगळीच घरं चांगली दिसतात." किती खरं बोलल्या! त्या बोलल्या नाहीत फार. खोलीभर फिरल्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला. हात काढला तेव्हा रंगाचा पापुद्रा त्यांच्या हाताला चिकटून आला होता. खाली पांढरी पूड. लोणा.

लोणा थंडीत का येतो, हे इथेच सांगतो. भिंतीत मुरलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. आपली हिवाळ्यातली कोरडी हवा भिंतीतलं पाणी ओढून घेते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. म्हणजे पावसाळ्यात लपलेलं दुखणं हिवाळा बाहेर काढतो. रंग जेवढा चिवट, तेवढे पोपडे मोठे.

एजंट घाईनं म्हणाला, "थंडीनं होतं मॅडम, किरकोळ आहे."

आत्या चुलीपाशी चहा गाळत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "थंडीनं भिंत रडत नसते बाई. पाणी मुरालंय. कुठनं, ते आम्हाला अजून गावलेलं नाही. गावलं की निरोप धाडते, मग या. आता चहा घ्या."

एजंट तणतणत गेला. बाई चहा घेऊन गेल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. आत्या मला एवढंच म्हणाली, "बाळ, ही भिंत उन्हाळ्यातबी गार असायची की."

श्रोतेहो, माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पावसाळ्यात भिंत ओली असेल तर पाणी आभाळाचं असू शकतं. पण थंडीत आणि उन्हाळ्यातही भिंत ओली असेल, तर ते पाणी आभाळाचं नाही, बहुधा घरातलं आहे. हे वाक्य पुन्हा ऐका. थंडीत आणि उन्हाळ्यातही भिंत ओली असेल, तर ते पाणी बहुधा घरातलं आहे.

आणि आपल्या गावात घरातलं पाणी कसं असतं, ते मी सांगायला नको. काही दिवसांआड नळ येणार, आला की हौद, पिंप, कळशी, पातेली, सगळं भरायचं, मोटर लावून गच्चीवरची टाकी वाहेपर्यंत चढवायची. टाकी वाहिली म्हणजे भरली, ही आपली खूण. त्या आठवड्यात नळ पहाटे साडेचारला आला. आत्या, वय वर्षं बहात्तर, अंगावर चादर घेऊन गच्चीवर येऊन बसली. मी टॉर्च घेऊन टाकीभोवती फिरलो, काही दिसेना. सगळीकडेच ओलं. मग आत्या खाली गेली आणि बादलीत हळद कालवून घेऊन आली. "हे ओत त्या वाहायच्या नळीत," म्हणाली. ओतलं. क्षणभर काही नाही. आणि मग टाकीच्या मागे, जिथे माणसाचा हात जेमतेम जातो, तिथे कठड्याच्या बुडाशी पिवळी रेघ उमटली. ओव्हरफ्लोचा पाइप सांध्यातून निसटलेला होता. पाणी पन्हाळीत जायचं सोडून कठडा आणि गच्ची यांच्या फटीत, तिथून थेट बैठकीच्या भिंतीत. किती वर्षं, देव जाणे.

प्लंबर आला. पाइपचा तुकडा, एक एल्बो, फट बुजवायला थोडं सिमेंट आणि त्याची मजुरी, मिळून साडेसहाशे रुपये. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक वेगळा. अडतीस हजारांनी जे झाकलं नाही, ते साडेसहाशेनं थांबलं.

मग आम्ही भिंतीचा रंग आणि पुट्टी खरवडून काढली आणि लोणा कोरड्या ब्रशनं झाडला. कोरड्या. भिंत पाण्यानं धुवू नका, क्षार पुन्हा विरघळून आत जातात. आणि तशीच उघडी ठेवली. गड्डा झाला, आत्यानं नंदीध्वजांना हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना निरोप गेला. त्या पुन्हा सकाळी सातलाच आल्या. पुन्हा तळहात ठेवला. भिंत कोरडी होती. आत्यानं प्लंबरची पावती दाखवली, आणि मग फडताळातून एक लाल वही काढली.

त्या वहीत घराला लागलेला प्रत्येक रुपया होता. २००४ साली वरची खोली चढवली त्याच्या विटा, वाळू, गवंड्याची हजेरी. २००९ साली बोअर घेतली तिचं बिल टाचलेलं. मिळकत कराच्या पावत्या वर्षावार. मामा गेल्यावर सिटी सर्व्हे कार्यालयात वारसनोंद करून घेतलेली, मुलीनं भावाच्या आणि आईच्या नावे दिलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नवीन मिळकत पत्रिकेचा उतारा. बाईंचे यजमान अर्धा तास वही वाचत बसले. भाव पाडून मागितला नाही. बाई फक्त म्हणाल्या, "रंगाचं राहू द्या. आमच्या सुनेला तिचा रंग द्यायचाय."

बघा. घेणारा आपला रंग देतोच.

पौष संपला, माघात खरेदीखत झालं. आत्यानं एजंटला बोलावून ठरलेली दलाली दिली. गिऱ्हाईक त्यानं आणलं होतं, त्याचा हक्क त्याला, असं तिचं म्हणणं. पण पावती लिहून घेतली. आणि ती पावती कामाला आली, कशी ते सांगतो.

आता कराचं. यात वेळ थोडा आहे, तेव्हा मुद्दे कानात धरा. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घ मुदतीचा. वारशानं आलं असेल तर आधीच्या मालकाचा काळही तुमच्या हिशेबात येतो. आज या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल, तर महागाईची वजावट घेऊन वीस टक्के भरायचा पर्यायही भारतात राहणाऱ्या माणसाला आहे. दोन्ही हिशेब मांडून घ्या, जो कमी तो भरा. २००१ च्या आधीचं घर असेल, तर १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून ती खरेदी किंमत म्हणून धरता येते, पण आता त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. आत्याच्या सीएनं तेच केलं. वहीतले २००१ च्या आधीचे खर्च त्यानं बाजूला ठेवले, कारण ते त्या किमतीत आलेच. वरची खोली आणि बोअर धरली. दलाली विक्रीच्या रकमेतून वजा केली. रंगाचे अडतीस हजार मात्र धरले नाहीत. वाढीव बांधकाम धरतात, रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी धरत नाहीत.

नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तरी कर वाचतो. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत, तर बँकेत भांडवली नफ्याचं वेगळं खातं उघडून त्यात ठेवायचे, साध्या बचत खात्यात नाही. आणि रोख घेऊ नका. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं मना आहे. 'थोडे वर, थोडे खाली', म्हणजे थोडे कागदावर आणि थोडे रोख, म्हणणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे.

बिलं हरवली असतील, तर आजपासून वही घाला. घर विकायचं नसलं तरी घाला. भिंतीला चीर असेल तर तिच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. पट्टी तडकली तर चीर अजून चालते आहे, इंजिनिअरला बोलवा. तडकली नाही तर खुशाल बुजवा. घराभोवतीची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उताराची आहे का, तेही बघा, म्हणजे काळ्या मातीला पायाशी पाणी मिळणार नाही.

राहत्या घराची थंडीची तयारी दोन शब्दांत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. गॅस गीझर मोरीच्या बाहेर बसवा, नाहीतर झरोका उघडा ठेवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. हे मी कळकळीनं सांगतो, पोरांना एकटं आत सोडून दार लावू नका. खिडकीच्या फटींना जुन्या चादरीची पट्टी लावली तरी वारं थांबतं. आणि चादर घ्यायची तर सुती, मागावरची, वजनदार घ्या. ती केसाळ पॉलिएस्टरची ऊब मला ऊब वाटत नाही, आणि आपल्या पूर्व भागातल्या मागांचा आवाज बंद पडलेला मला ऐकवत नाही.

राहता राहिला पाणी तापवायचा सोलर. आपलं बोअरचं पाणी जड, नळ्यांत क्षार साचतात, तेव्हा टाकी तळातून एकदा रिकामी करून घ्या. काचांवरची धूळ उद्याच पुसा, पण ऊन चढायच्या आत. तापलेल्या नळीवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते.

येतो. नमस्कार.